निळा डॅशबोर्ड, चाळिशीचे डोळे

नारायणगावचा टोमॅटो असो की नाशिककडची पालेभाजी, पहाट होण्याआधी माल वाशीच्या बाजारात लागावा लागतो. रात्रभर घाट उतरून हा माल पोचवणाऱ्या पिकअप गाड्यांपैकी कितीतरी गाड्या वयाने झालेल्या असतात. इंजिनचे काम एकदा झालेले असते, हौद्याचा पत्रा बदललेला असतो, मागच्या फळीवर मुलांची नावे रंगवलेली असतात. डॅशबोर्डवरचे काटे मात्र मूळचेच. डिझेलचा काटा टाकी भरली तरी अर्ध्यावर आणि संपत आली तरी अर्ध्यावर. तापमानाचा काटा कधीचाच झोपलेला. वेगाच्या काट्याला ताशी चाळीसच्या पुढे थरथर सुटते. मग एखाद्या वर्षी हंगाम बरा जातो आणि मालक पुण्यातल्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाऊन नवे मीटर घेऊन येतो. नवे मीटर बहुधा निळ्या प्रकाशाचे असतात, कारण दुकानात तेच सर्वात झळकतात. गावातला वायरमन अर्ध्या दिवसात ते बसवून देतो आणि गाडी नवी वाटू लागते.

या कामाकडे शोभेचा किंवा फार तर यंत्राचा विषय म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात डॅशबोर्ड हा चालकाच्या डोळ्यांसमोर रात्रीचे सहा-सात तास जळत राहणारा दिवा आहे. शिवाय काट्यांमागे गरम तेल, उकळते पाणी आणि जिवंत विजेच्या तारा असतात. त्यामुळे तो आरोग्याचाही विषय ठरतो.

डोळ्यापासून सुरुवात करू. आपल्या दृष्टिपटलावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकुपेशी उजेडात काम करतात, रंग आणि बारकावे दाखवतात. दंडपेशी अंधुक प्रकाशात काम करतात. त्यांना रंग कळत नाहीत, पण रस्त्याच्या कडेने चालणारा काळ्या घोंगडीतला माणूस पहिल्यांदा जाणवतो तो बऱ्याचदा त्यांच्यामुळे. उजेडातून अंधारात गेल्यावर शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत जुळवून घेतात, दंडपेशींना मात्र पूर्ण तयार व्हायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. त्यांच्यातले ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात विघटित होते आणि अंधारात सावकाश पुन्हा तयार होते. त्यासाठी जीवनसत्त्व ‘अ’ लागते. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो, तो याच कारणाने. हेडलाइटच्या उजेडामुळे गाडी चालवताना डोळे पूर्ण अंधाराला कधीच सरावत नाहीत हे खरे, पण जेवढे सरावलेले असतात तेवढेही टिकवणे गरजेचे असते.

ऱ्होडॉप्सिन सर्वाधिक शोषते तो प्रकाश सुमारे ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे निळसर-हिरवा. डॅशबोर्डवरचा तेजस्वी निळा दिवा नेमका या पेशींनाच थकवतो. लाल प्रकाशाला त्या जवळजवळ आंधळ्या असतात. दुसऱ्या महायुद्धात रात्रीच्या उड्डाणाआधी वैमानिक लाल काचांचे चष्मे लावून बसत आणि विमानाच्या, पाणबुडीच्या आत लाल दिवे असत, त्यामागे हेच कारण होते. पुढे अनेक मोटारींच्या डॅशबोर्डवर नारिंगी-लाल उजेड आला तोही याच विचारातून.

निळ्याची दुसरी अडचण भिंगाची आहे. डोळ्याचे भिंग सगळे रंग एकाच जागी केंद्रित करत नाही. निळा प्रकाश दृष्टिपटलाच्या थोडा पुढेच एकवटतो, म्हणून दुकानांच्या निळ्या पाट्या रात्री लांबून फुगलेल्या, पसरट दिसतात. निळ्या आकड्यांच्या कडाही तशाच विरघळतात. त्यात वय वाढले की भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश अडवू लागते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. मग तो आकडे नीट दिसावेत म्हणून दिव्यांची तीव्रता वाढवतो, आणि वाढलेला उजेड समोरच्या काचेत प्रतिबिंब पाडून रस्ता आणखी काळा करतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर हाच प्रकाश डोळ्यातल्या डोळ्यात विखुरतो आणि धुक्यातून पाहिल्यासारखे होते.

मग सरळ लाल दिवे लावावेत का? तर तेही प्रत्येकाला मानवत नाहीत. लाल प्रकाश दृष्टिपटलाच्या मागे एकवटतो, त्यामुळे जवळचे पाहायला भिंगाला जास्त जोर लावावा लागतो. पंचविशीत हा जोर सहज लागतो. ज्याला चाळिशी लागली आहे त्याच्या भिंगात तो उरलेला नसतो. डॅशबोर्ड डोळ्यांपासून साधारण सत्तर-पंचाहत्तर सेंटीमीटरवर असतो. तेथे नजर स्थिर करायला दीड डायॉप्टरच्या आसपास ताकद हवी. पन्नाशीच्या पुढे अनेकांकडे जेमतेम तेवढीच उरते आणि साठीला तीही नसते. शिवाय काही पुरुषांमध्ये जन्मतः लाल रंगाच्या पेशींचा दोष असतो. त्यांना लाल दिवा विझत आल्यासारखा मंद दिसतो. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी लागणाऱ्या डॉक्टरी दाखल्यात रंग ओळखण्याच्या दोषाबद्दल प्रश्न असतो. तो सिग्नलसाठी आहे असे सगळे समजतात, पण तेलाचा दाब संपल्याचा दिवाही लालच असतो.

मधला मार्ग जुन्या गाड्यांत आधीपासून होता : काळ्या तबकडीवर पांढरे आकडे आणि मागून पिवळसर, मंद, कमी-जास्त करता येणारा उजेड. तो जुनाट दिसतो, पण वयस्क डोळ्यांना त्याच्याइतका सोयीचा पर्याय आजही नाही. नवे मीटर घेताना रंगापेक्षा एकच गोष्ट हट्टाने विचारावी, उजेड कमी करता येतो का? इथे एक मेख आहे. जुन्या डॅशबोर्डवर उजेड कमी करणारे बटण म्हणजे तारेचे वेटोळे असलेला रिओस्टॅट. तो जुन्या तारेच्या बल्बांच्या प्रवाहासाठी बनवलेला असतो. एलईडी इतका कमी प्रवाह घेतात की त्या बटणाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही, ते भगभगतच राहतात. एलईडीसाठीचा वेगळा डिमर लावणे हा त्यावरचा उपाय. तो बहुतेक वेळा सुचवलाच जात नाही.

निळ्या डॅशबोर्डचा आणखी एक तोटा समोरून येणाऱ्याच्या वाट्याला येतो. हेडलाइट ‘अप्पर’वर आहेत हे सांगणारा इशारादिवा निळा असतो, सगळीकडे. सगळी तबकडीच निळी असली की त्यातला तो एक ठिपका बुडून जातो. चालकाला वाटते दिवे खाली आहेत, आणि माळशेजच्या वळणावर समोरून येणारा दुचाकीवाला काही क्षण पूर्ण आंधळा होतो.

काटा बरा की आकडा, हा वाद गॅरेजमध्ये रंगतो. आधुनिक म्हणून आकडेवाले मीटर खपतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी १९४७ मध्ये विमानातील उपकरणे वाचताना वैमानिकांकडून झालेल्या २७० चुकांचे विश्लेषण केले. ज्याला तोवर वैमानिकाची चूक म्हणत, तिच्यात तबकडीच्या रचनेचा मोठा वाटा असल्याचे त्यातून पुढे आले. आज अतिदक्षता विभागातला मॉनिटर कसा असावा याचा विचारही त्याच परंपरेतला आहे. थोडक्यात असे, की नेमकी किंमत हवी असेल तर आकडा चांगला, आणि ‘सगळे ठीक आहे ना’ एवढेच पाहायचे असेल तर काटा चांगला. काटा वाचावा लागत नाही, त्याची जागा डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळते. तो चढतो आहे की उतरतो आहे हेही दिसते. शर्यतीच्या गाड्यांत तर मीटर मुद्दाम फिरवून असे बसवतात की सगळे नीट चालू असताना प्रत्येक काटा सरळ वर उभा राहील. एक जरी कलला तरी नजरेत भरतो. युक्ती फुकटची आहे, कोणत्याही पिकअपमध्ये करता येते.

याला इतके महत्त्व का, तर ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. आकडा शोधायला, त्यावर नजर जुळवायला आणि पुन्हा रस्त्यावर यायला दोन सेकंद गेले तर गाडी ३३ मीटर न पाहता गेलेली असते. एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त नजर रस्त्यावरून हटू नये, ही मर्यादा अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २०१३ मधल्या मार्गदर्शक सूचनांत घातली. चाळिशी लागलेल्या, चष्मा डबीत ठेवलेल्या चालकाला निळा आकडा वाचायला दोन सेकंद पुरतातच असे नाही.

आता काट्यांच्या मागे जाऊ. सरकारी रुग्णालयांत उन्हाळ्यात भाजलेले काही रुग्ण एकाच कहाणीचे असतात. चेहरा, मान, उजवा हात. घाटात गाडी हीट झाली, बॉनेट उघडले, फडके धरून रेडिएटरचे झाकण फिरवले. तापमानाचा काटा चालू असता तर बहुतेकदा इथवर वेळ आली नसती, कारण काटा वर सरकताना चालक गाडी बाजूला घेऊन थांबला असता. काटा बंद असतो तेव्हा पाहण्याचा एकच मार्ग उरतो तो झाकणाचा.

रेडिएटरचे झाकण हे घरच्या कुकरच्या शिटीचे भावंड आहे. अनेक गाड्यांत ते दर चौरस इंचाला १५ पौंडांच्या आसपास दाब धरून ठेवते. एवढ्या दाबाखाली पाणी १०० नव्हे तर सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करणारे ऑटोक्लेव्हही याच दाबावर, याच तापमानाला चालते. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि १०० अंशांच्या वरचे पाणी एका क्षणात उसळून वाफेसकट बाहेर येते. हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. इंजिन बंद करून किमान अर्धा तास, हात लावता येईल इतका रेडिएटर थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये. भाजलेच तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी, अंगठी-कडे-घड्याळ लगेच काढणे आणि स्वच्छ कपड्याने झाकून रुग्णालय गाठणे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, ग्रीस यातले काही नको. डोळ्यात गेले असेल तर तेही पाण्यानेच धूत राहावे.

तापमानाचा नवा मीटर बसवताना एक गोष्ट चालकाला कुणी सांगत नाही. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो खरे बोलतो. पाइप फुटून सगळे पाणी निघून गेले की सेन्सरभोवती नुसती वाफ आणि हवा उरते आणि काटा वर जाण्याऐवजी खालीही येऊ शकतो. इंजिन जळत असते, काटा सुखरूप. वैद्यकात याला जोडीदार आहे. बंद खोलीत शेगडीच्या धुराने कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झालेल्या माणसाच्या बोटाला साधा ऑक्सिमीटर लावला तर तो ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव टक्के दाखवू शकतो, कारण त्याला दोन वायूंच्या रक्तातला फरकच कळत नाही. म्हणून चढत चढत वर गेलेला काटा अचानक खाली आला तर सुटकेचा श्वास न टाकता गाडी थांबवावी.

कार्बन मोनॉक्साइडचा विषय निघालाच आहे, तर छिद्रांबद्दल. नव्या मीटरच्या तारा इंजिनाकडून आत आणायला मधल्या पत्र्याला भोक पाडतात. ते तसेच उघडे सोडले तर दोन गोष्टी होतात. पत्र्याची धार हादऱ्यांनी तारेचे आवरण कापते, आणि सायलेन्सरची गळती असेल तर धूर त्याच वाटेने केबिनमध्ये येतो. थंडीत काचा बंद करून जाणाऱ्या चालकाचे डोके जड होते, मळमळते, झोप येते आणि तो चहाला थांबतो. बाहेर बरे वाटते, म्हणून चहानेच बरे वाटले असे त्याला वाटते. चार आण्याची म्हणावी अशी रबरी ग्रोमेट त्या भोकात बसवली की काम होते.

तेलाच्या दाबाचे मीटर दोन तऱ्हांचे असतात. जुन्या, यांत्रिक तऱ्हेत इंजिनमधले तेलच बारीक नळीतून थेट डॅशबोर्डपर्यंत येते आणि आतली वाकडी नळी दाबाने किंचित सरळ होऊन काटा फिरवते. फ्रान्समध्ये यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये शोधलेली ही नळी आजही ऑक्सिजनच्या सिलिंडरवर दिसते. रचना अतिशय भरवशाची आहे. पण तांब्याची किंवा प्लास्टिकची ती बारीक नळी पायाच्या वर तडकली तर शंभर अंशांच्या आसपासचे तेल चालत्या गाडीत चालकाच्या मांडीवर येते. तेल पाण्यासारखे ओघळून जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहते. रोजच्या मालवाहतुकीच्या गाडीला म्हणून विजेवर चालणारा सेंडर आणि तारेचा मीटर बरा. यांत्रिकच हवा असेल तर धातूची वेणी असलेली नळी वापरावी.

अँपिअर मीटर हा जुन्या गाड्यांचा आणखी एक वारसा. बॅटरी भरणारा बहुतेक सगळा प्रवाह त्याच्यातूनच जातो, म्हणजे जाड, जिवंत तार डॅशबोर्डच्या मागे येऊन परत जाते. जुन्या गाडीत नंतर दिवे वाढवले, टेप लावला, मोठा अल्टरनेटर बसवला की तीच तार आणि तिचे सैल झालेले नट गरम होऊ लागतात. अशी आग चालकाच्या गुडघ्यासमोर सुरू होते. त्याऐवजी व्होल्टमीटर लावला तर त्याला दोन बारीक तारा आणि एक छोटा फ्यूज पुरतो. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. बाराच्या खाली उतरत चालला तर घाट चढण्याआधीच कळते. एलईडीबाबत इथेही एक फसगत आहे. काही जुन्या गाड्यांत चार्जिंगचा लाल दिवा हा नुसता दिवा नसून अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह देणारी वाट असतो. तो बल्ब काढून एलईडी टोचला की अल्टरनेटर जागाच होत नाही.

डिझेलचा काटा चुकीचा दाखवत असेल तर नवा मीटर घेण्याआधी निदान करावे. रुग्णालयात जशी दोन लक्षणे एकत्र आली की दोन आजार न शोधता एक कारण शोधतात, तसे डिझेल आणि तापमान हे दोन्ही काटे एकदमच जास्त किंवा एकदमच कमी दाखवू लागले तर बऱ्याच जुन्या गाड्यांत दोष दोघांना वीज पुरवणाऱ्या छोट्या स्टॅबिलायझरचा किंवा अर्थिंगचा असतो. टाकीतला सेंडर आणि मीटर एका मापाचे असावे लागतात, हेही लक्षात ठेवण्यासारखे. अमेरिकी गाड्यांत एका कंपनीचा सेंडर रिकाम्या टाकीला ० ओहम आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम देतो, तर बाजारात मिळणारा दुसरा प्रकार उलटा, २४० वरून ३३ वर येणारा. यांची जोडी जमली नाही तर टाकी रिकामी असताना काटा भरलेला दिसतो. मोठ्या मापाचे टायर घातले तर वेगाचेही तेच होते. टायरचा व्यास पाच टक्के वाढला की काटा ६० दाखवत असताना गाडी ६३ ने जात असते.

हौसेने जुन्या गाड्या उभ्या करणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा. आपल्याकडे ‘रेडियम’ म्हणजे नंबरप्लेटवर आणि फळीवर चिकटवायची चमकणारी पट्टी. ‘रेडियम आर्ट’ लिहिलेल्या दुकानात रेडियमचा कणही नसतो, ती पट्टी फक्त हेडलाइटचा प्रकाश परत फेकते. तिला घाबरण्याचे कारण नाही. पण दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीप आणि पिकअपच्या काही मीटरांवर काटे आणि आकडे अंधारात दिसावेत म्हणून खऱ्या रेडियमचा रंग लावलेला असे. युद्धानंतर डिस्पोजलमध्ये निघालेल्या अशा गाड्या भारतातही फिरल्या.

हा रंग लावणाऱ्या अमेरिकेतल्या मुलींची गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी कारखान्यात त्या कुंचल्याला टोक काढण्यासाठी तो ओठांत धरत. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखे वागते, हाडांत जाऊन बसते. दात पडले, जबड्याची हाडे कुजली, कर्करोग झाले. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणींनी लढलेला दावा १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. कामाच्या जागी होणाऱ्या आजाराची जबाबदारी मालकावर येते, या विचाराला त्या खटल्याने बळ दिले.

जुन्या मीटरवरचा हा रंग आज चमकत नाही, कारण त्यातले चमकणारे झिंक सल्फाइड केव्हाच थकले. रेडियम थकलेले नाही, त्याचा अर्धायुष्यकाल १,६०० वर्षांचा आहे. बंद काचेआड असलेल्या मीटरपासून धोका थोडा असतो. धोका आहे तो काच उघडून, तपकिरी पडलेला रंग पात्याने खरवडून, फुंकर मारून तबकडी नव्याने रंगवण्यात. ती धूळ श्वासातून आणि हातावरून पोटात जाते. असे मीटर उघडू नयेत आणि भंगारात देऊ नयेत. किरणोत्सारी वस्तूंच्या विल्हेवाटीचे नियम अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अखत्यारीत येतात. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण उघडले गेले आणि एकाचा जीव गेला. तो स्रोत या मीटरपेक्षा कितीतरी पटींनी तीव्र होता, पण भंगारात काय आले आहे हे न कळणे दोन्हीकडे सारखेच.

काम करून घेताना बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायला लावावी, प्रत्येक नव्या मीटरला फ्यूज असावा. चालकाचे वय चाळीसच्या पुढे असेल, मधुमेह असेल किंवा रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसत असतील तर मीटरवर पैसे घालण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत ही तपासणी होते. चष्म्याचा नंबर काढताना डॅशबोर्डचे अंतर मुद्दाम सांगावे, कारण वाचायचा चष्मा हातातल्या वर्तमानपत्राच्या अंतराचा असतो, तो लावून ना मीटर नीट दिसतो ना रस्ता. आणि मीटर दिवसा बसवून झाले तरी वायरमनचा हिशेब त्याच रात्री, दिवे नसलेल्या रस्त्यावर, स्वतःच्या चष्म्यातून एक फेरी मारून आल्यावर पुरा करावा.